अमळनेरच्या बारा फुटी खोलीतला स्टिरिओ: आठ महिन्यांनंतर

दिवाळीत सिस्टीम घेतली. स्पीकर 22 हजार, अ‍ॅम्प (आवाज मोठा करून स्पीकरला देणारा अ‍ॅम्प्लिफायर) 18, डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला चालेल असा सिग्नल करणारी डबी) 12 आणि दुकानदाराने गळ्यात मारलेली केबल 5 हजारांची. आज घ्यायची झाली तर पैसे असे वाटणार नाही.

खोली बारा बाय दहा. खाली शहाबादी, वर स्लॅब, भिंती कोऱ्या. पहिल्या दिवशी आवाज ऐकून घरात कोणी काही बोललं नाही, मीही नाही. गाणं न्हाणीघरात चाललंय असं वाटत होतं. आईने भरलेल्या दोन जाड गोधड्या बाजूच्या भिंतींवर टांगल्या, खाली सतरंजी टाकली. "गोधडी भिताडले काबर लाई रे भाऊ?" आईचा प्रश्न रास्तच होता. पण गाणाऱ्याचे शब्द सुटे झाले ते तेव्हाच.

बास, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, मात्र गोधडीला दाद देत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्झच्या आसपासची लाट दोन भिंतींत अडकते. ती भिंतीपाशी फुगते आणि बरोबर मध्यावर मरते. माझी खुर्ची नेमकी मध्यावर! तीन महिने मी स्पीकरला शिव्या घातल्या. खुर्ची दोन फूट मागे घेतली आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढले, तेव्हा ढोल ढोलासारखा वाजू लागला. खर्च शून्य.

अ‍ॅम्प 50 वॅटचा आहे. शंभरचा घे म्हणून मित्र मागे लागले होते, पण वॅट दुप्पट झाले तरी आवाज वाढतो 3 डेसिबलच. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच वॅटवर तो किती मोठ्याने वाजतो ते. माझे 86 डेसिबलचे आहेत, 89 चे घेतले असते तर तेवढाच फरक फुकटात मिळाला असता. एक चूक माझी: मे महिन्यात अ‍ॅम्प शोकेसमध्ये बंद ठेवला होता. आपल्याकडचं ऊन, त्यात काच लावलेली. दोनदा तापून आपोआप बंद पडला. आता उघड्यावर असतो.

केबलचं सांगतो. अ‍ॅम्पपासून स्पीकरपर्यंतच्या चार मीटरच्या अंतराला इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच एमएमची तांब्याची वायर लावून पाहिली. मला तरी काही फरक ऐकू आला नाही. पाच हजारवाली पेटीत पडून आहे.

आणि डॅक! मार्च ते जून कूलर चालू, त्याच्या घरघरीत कसला बारकावा ऐकू येणार? पाऊस पडला, कूलर माळ्यावर गेला, मग एका रात्री बायकोला पाठीमागे बसवलं आणि मला न सांगता गाणं बदलायला लावलं. कधी थेट टीव्हीच्या बॉक्समधून, कधी डॅकमधून, दोन्हींचा आवाज मोबाईलच्या मीटरवर सारखा करून. कुठलं कशातून वाजतंय ते मी दहापैकी सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच जमलं असतं.

डॅक सध्या धाकट्या भावाच्या कॉम्प्युटरला लावलाय. तो खूश आहे. गोधड्या मात्र थंडीत आईला परत द्याव्या लागतील, तेव्हा भिंतीवर काय टांगायचं ते अजून ठरलेलं नाही.