नेरुळचा डिफेन्सिव्ह लाइनचा क्लास: स्टान्स पक्का करून घेतात

ऑलिम्पिकमध्ये २०२८ ला लॉस एंजेलिसला येतोय तो फ्लॅग फुटबॉल, अमेरिकन फुटबॉलचा सौम्य प्रकार. पाच-पाच जणांचा, अंगाला अंग न भिडवता. मी वर्षानुवर्षं कबड्डीत कोपरा सांभाळलाय, मला भिडायचंच होतं. म्हणून नेरुळला रविवारी सकाळी भरणाऱ्या, भिडण्याच्या अमेरिकन फुटबॉलमधली डिफेन्सिव्ह लाइन (बचाव करणाऱ्या संघाची अगदी पुढची रांग) शिकवणाऱ्या या छोट्या बॅचबद्दल आवर्जून लिहितोय.

इथले सर सुरुवातीला टॅकल, म्हणजे समोरच्याला धरून पाडणं, शिकवतच नाहीत. आधी थ्री-पॉइंट स्टान्स. पाय खांद्यांपेक्षा किंचित रुंद, एक पाय जरा मागे. जो पाय मागे, त्याच बाजूचा हात जमिनीवर, तोही तळवा न टेकता बोटांच्या टोकांवर. पाठ सपाट, कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर, नजर चेंडूवर. नवीन पोरं हमखास गुडघे ताठ ठेवून कमरेतून वाकतात. सर शेजारी उकिडवे बसतात आणि टेकलेला हात मनगटाला धरून अलगद उचलतात. माणूस पुढे कलला तर ठीक. जागच्या जागी राहिला, तर वजन टाचांवर आहे. ऊठ, परत बस. हे ते प्रत्येकाचं बघतात, घाई न करता.

एवढा हट्ट बरोबरच आहे. दोन्ही संघांच्या समोरासमोरच्या लाइनींच्या मधे जेमतेम चेंडूच्या लांबीएवढी, म्हणजे ११ इंचांची जागा असते. तिथे जो खालून घुसतो तो समोरच्याला उचलतो. डिफेन्सिव्ह लाइनचा खेळाडू आरन डोनाल्ड ६ फूट १ इंच, या लाइनसाठी बुटकाच. तरी २०१७, २०१८ आणि २०२० मध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू तोच ठरला. त्याचे व्हिडिओ सर मोबाइलवर थांबवत थांबवत दाखवतात.

मला सर्वांत आवडला तो दोरीचा सराव. चेंडूला दोरी बांधलेली असते. सामन्यात समोरचा संघ ओरडतो तसं सर मोठ्याने 'हट, हट' ओरडत राहतात, दोरी मात्र हलवत नाहीत. आवाजावर जो सुटला तो ऑफसाइड, सामन्यात पाच यार्डांचा दंड. चेंडू हलला की सुटायचं, आणि पहिलं पाऊल आखूड. कान बंद करून डोळ्यांनी खेळायची सवय यानेच लागते.

खटकलं ते एकच. एंड (लाइनच्या टोकाचा खेळाडू) आणि टॅकल (इथे लाइनच्या मधला खेळाडू) दोघांना एकाच साच्यात बसवतात. एंडला कडेने धावत सुटायचं असतं, त्याचा मागचा पाय आणखी मागे हवा. आतल्या टॅकलवर दोन्हीकडून धक्के येतात, त्याला पाय तेवढा मागे नेऊन चालत नाही. विचारलं की सर छान समजावतात, पण हे त्यांनी आपणहून सांगायला हवं.

फी महिन्याला १,२०० रुपये. हेल्मेट आणि शोल्डर पॅड आलटून पालटून मिळतात. मैदानात बारीक खडी आहे, बोटांना चिकटपट्टी लावून या. ठाण्याहून येणाऱ्यांनी नेरुळ किंवा पनवेल गाडी पकडावी. वाशीची पकडलीत तर तुर्भ्याला उतरून बदलावी लागते.