गिझर ८,२९० चा आणि बसवायला घेतले ९,४९९! खोट्या कस्टमर केअरपासून सावध राहा

आधी आकडे सांगतो, कारण ते आठवले की अजून डोकं फिरतंय. गिझर घेतला ८,२९० रुपयांचा, १५ लिटर, २००० वॅट. आणि तो भिंतीवर लावून द्यायला एका भामट्याने घेतले ९,४९९. इन्स्टॉलेशन किट १,८५०, प्रेशर वॉल्व्ह १,४५०, स्पेशल अर्थिंग २,२०० आणि तीन वर्षांचं एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, ३,९९९. पावती म्हणून पुस्तकातून फाडलेला एक कागद, त्यावर ना जीएसटी नंबर, ना पत्ता, नुसता कंपनीच्या नावाचा रबरी शिक्का.

प्रकार तुम्हाला माहितीच असेल. कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअर नंबर नेटवर शोधला, वर जो आला तो लावला, आणि तो नंबर कंपनीचा नव्हताच. आता सगळे मलाच विचारतात की खोक्यावर नंबर छापलेला असतो ना? असतो. तो आधी लावला होता. एक दाबा, दोन दाबा, मग नुसतं म्युझिक. घरात जुना गिझर बंद, आईला संधिवात, थंडीचे दिवस, गॅसवर पाणी तापवून बादल्या उचलणं चाललेलं. आणि हा दुसरा नंबर पहिल्या रिंगला उचलला, बोलायला एकदम व्यवस्थित, "सर, दोन तासांत इंजिनिअर पाठवतो". अशा वेळी कोण शंका घेतं? तुम्ही पण घेतली नसती.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. खरी कंपनी फोनवर मॉडेल नंबर, सिरियल नंबर, खरेदीची तारीख विचारते आणि तक्रार नंबर मेसेजवर पाठवते. याने फक्त पत्ता विचारला.

माणूस आला, गळ्यात आयकार्ड, अंगात कंपनीच्या रंगाचा टीशर्ट. आणि आता जे सांगतोय ते मी रोज आठवतो. खोका मीच उघडला होता. थर्माकोलच्या खाचेत एक छोटी पारदर्शक पिशवी होती, त्यात पितळी मल्टी फंक्शन वॉल्व्ह, बाजूने एक बारीक तोटी निघालेली. मी हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. तो म्हणाला साहेब, जरा स्टूल आणता का. मी स्टूल आणायला गेलो. आलो तर पिशवी खोक्यात नाही. मला वाटलं काढून ठेवली असेल बाजूला. थोड्या वेळाने तो म्हणतो, "साहेब, तुमच्याकडे पाण्याला प्रेशर जास्त आहे, वॉल्व्ह नाही लावला तर टाकी फुटेल, कंपनी वॉल्व्ह देत नाही, माझ्याकडे ओरिजिनल आहे", आणि स्वतःच्या बॅगेतून तशीच पिशवी काढली. तसाच वॉल्व्ह. आई दारात उभी होती, ती म्हणाली पण, "अरे, ही पिशवी आपल्याच खोक्यातली नाही का?" तो लगेच हसून म्हणाला, "मावशी, ते ड्रेन प्लग होतं, हे वेगळं". आणि मी आईलाच म्हणालो तू राहू दे, त्याला त्याचं काम करू दे. माझाच वॉल्व्ह मला १,४५० ला विकला, माझ्या डोळ्यांदेखत. त्या क्षणी खोका उलटा करून दाखव म्हटलं असतं तर तिथेच उघडा पडला असता. पण समोरचा माणूस ड्रिल घेऊन अर्धं काम करून बसलाय, टाकी लटकतेय, बाथरूमभर सिमेंट, तेव्हा कुणाच्या मनात येतं चोरी पकडायचं?

तेव्हा खोका उघडलात की आधी आतल्या सगळ्या वस्तूंचा फोटो काढा. मॅन्युअलमध्ये यादी असते, ती टिक करा. माणूस यायच्या आधीच.

पैसे देताना पण तेच. क्यूआर स्कॅन केला तर कंपनीचं नाव नाही, कुणा माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणे कंपनीचं अकाउंट अपडेट होतंय. नाव वेगळं दिसलं की पैसे पाठवू नका, मग तो काहीही सांगो.

पैसे गेले ते गेले, पण त्याने जे करून ठेवलं ते बघून अंगावर काटा आला. काही दिवसांनी आई म्हणाली नळाला ओला हात लावला की मुंग्या येतात. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला आणि मला जवळ बोलावून दाखवलं. आमच्या जुन्या बाथरूमच्या सॉकेटला अर्थिंगची वायरच आलेली नव्हती. २,२०० रुपयांचं स्पेशल अर्थिंग म्हणजे हिरव्या वायरचा वीतभर तुकडा, अर्थच्या पिनपासून आतल्या आत न्यूट्रलला जोडलेला. दिसायला अर्थिंग आहे, प्रत्यक्षात उद्या न्यूट्रल कुठे तुटली किंवा कुणी फेज-न्यूट्रल उलटी जोडली तर गिझरची बॉडी, पाइप, नळ सगळ्यात २३० व्होल्ट. माझी आई तिथे अंघोळ करते हो!

आणि वॉल्व्हची ती बारीक तोटी? एम-सीलने बुजवलेली. तिथून थेंब थेंब पाणी येत होतं, त्याला "लीकेज" म्हणून बंद करून गेला. अरे, ते थेंब यायलाच पाहिजेत! पाणी तापलं की फुगतं, १५ लिटर पाणी २५ अंशावरून ७५ ला नेलं तर साधारण तीनशे मिलीच्या वर जास्तीचं होतं, ते मागे जाऊ शकत नाही कारण वॉल्व्ह नॉन रिटर्न असतो, मग ते त्या तोटीतूनच बाहेर पडणार. ती बुजवली तर दाब टाकीवर येणार, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की गिझर आपोआप बंद करणारा भाग, बिघडला तर काय होईल याचा विचार करा. तोटीला छोटी नळी लावून मोरीत सोडा, पण ती कधीही बंद करू देऊ नका. गरम पाण्याची लाइन त्याने साध्या पीव्हीसीत ओढली होती ते अजून वेगळंच. गरमला सीपीव्हीसी किंवा मेटल लागतं, साधा पीव्हीसी मऊ पडतो. शिवाय १६ अँपियरचा सॉकेट, बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच), हे इलेक्ट्रिशियनकडून आधीच तपासून घ्या, गिझर लावणाऱ्याच्या भरवशावर नको.

आता तक्रारीचं ऐका. खऱ्या कंपनीला फोन लागला एकदाचा, तर उत्तर काय, हा आमचा माणूस नाही, तुमच्या इन्स्टॉलेशनची आमच्याकडे नोंदच नाही. बरं, तुमच्या नावाने खोटा नंबर फिरतोय, तो तरी बंद करा? त्यावर "मेल करा सर". मेल केला, आपोआप येणारं उत्तर आलं, बस. बँक म्हणते पेमेंट तुम्हीच पिन टाकून केलंय, आम्ही काही करू शकत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले रक्कम किरकोळ आहे, त्याने काम तर केलंय ना, मग फसवणूक कसली, सायबरला जा. सायबरवाले म्हणतात ओटीपी गेला का? लिंक दाबली का? नाही ना, माणूस घरी आला होता, मग ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर ड्युटीवरचे बदललेले, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट सांगा. अहो, बीएनएसचं, म्हणजे नव्या भारतीय न्याय संहितेचं, कलम ३१८ आहे ना फसवणुकीचं, पूर्वीचं ४२०? मी ते बोललो तर वर तोंड करून "तुम्ही वकील आहात का?" म्हणजे ज्याला लुटलं त्यानेच सिद्ध करत फिरायचं, ज्याने लुटलं तो त्याच नंबरवरून दुसऱ्या घरी जातोय. क्यूआरवर त्याचं नाव आहे, फोन नंबर आहे, बँक खातं आहे, अजून काय पाहिजे यांना? नुसती पोच मिळवायला मला वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्यावा लागला.

तुमच्यावर असं आलं तर ठाण्याच्या चकरांच्या आधी लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर तक्रार घरबसल्या दाखल होते आणि स्वतः राहता त्याच जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं. पावती, क्यूआर पेमेंटचा स्क्रीनशॉट, कॉल लॉग, काही डिलीट करू नका. मी उखडलेल्या वायरचा तुकडा आणि एम-सील लागलेला वॉल्व्ह पण पिशवीत घालून ठेवलाय.

खोटा नंबर अजून चालू आहे. परवा भावाच्या फोनवरून लावून बघितला, तोच आवाज, "सर, तुमचा एरिया सांगा". गिझर, प्युरिफायर, काहीही बसवायचं असेल तर नंबर फक्त खोक्यावरचा किंवा बिलावरचा घ्या, कितीही म्युझिक वाजलं तरी तोच लावत राहा, आणि माणूस दारात आला की त्याला आत घ्यायच्या आधी त्याच नंबरवर फोन करून त्याचं नाव आणि तक्रार नंबर जुळवून बघा.