‘गाभण मादी आणि खात्रीची जोडी’ : ससे विकत घेताना झालेली फसवणूक

घरच्या घरी सशांची पैदास वाढवावी म्हणून मी ज्या विक्रेत्याकडून एक गाभण मादी आणि एक तरुण जोडी घेतली, त्याने मला निव्वळ थापा मारल्या नाहीत. त्याचे जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धे खरे होते. सशांविषयीची एखादी खरी गोष्ट पुढे करायची आणि तिच्या आडून खोटा माल खपवायचा, ही त्याची पद्धत होती. आणि सशांच्या बाबतीत बहुतेक गोष्टी उघड व्हायला महिनाभर लागतो, तोवर पैसे देऊन झालेले असतात. ज्यांना सशांची जोडी घ्यायची आहे, त्यांनी घेण्यापूर्वी हे वाचावे एवढ्यासाठी सगळे तपशील लिहीत आहे.

मोठी मादी वर्षाची आहे, दोनदा व्यालेली आहे आणि तिला नराकडून भरवून पंधरवडा होत आला आहे, असे त्याने सांगितले. घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत तिने छातीची लव उपटून कोपऱ्यात गवताबरोबर रचायला सुरुवात केली. सशाची मादी साधारण 30 ते 32 दिवसांनी विते आणि लव उपटते ती बहुधा विण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत. त्यामुळे दिवस भरायच्या कितीतरी आधी चाललेली ही तयारी खटकली. पिल्ले झालीच नाहीत. विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘जागा बदलल्याचा ताण आला, गर्भ पोटातच जिरला.’ सशांमध्ये गर्भ जिरतो हे खरे आहे, म्हणून या उत्तरावर वाद घालणे कठीण असते. पण त्याच्याकडे अनेक माद्या एकाच पिंजऱ्यात कोंबलेल्या मी पाहिल्या होत्या. सशाच्या मादीत बीज ठरावीक दिवसांनी आपोआप सुटत नाही, ते समागमानंतर साधारण 10 ते 12 तासांनी सुटते; आणि दुसरी मादी अंगावर चढली तरीही ते सुटू शकते. मग गर्भ नसतानाही मादी गाभण असल्यासारखी वागते आणि 16 ते 18 दिवसांच्या सुमारास घरटे करू लागते. आमच्या मादीचे वागणे या खोट्या गाभणपणाशी तंतोतंत जुळत होते.

पशुवैद्यांनी सांगितले की, भरवल्यापासून 12 ते 14 दिवसांनी सराव असलेला हात मादीचे पोट हलकेच चाचपून आत छोट्या गोट्यांसारख्या गाठी आहेत की नाहीत हे सांगू शकतो. म्हणजे ‘पंधरवड्याची गाभण’ मादी विकणाऱ्याला ही तपासणी नको वाटण्याचे काहीच कारण नसते. आमच्या विक्रेत्याने मात्र ‘हात लावला तर गर्भ पडेल’ म्हणून कोणालाही पोटाला हात लावू दिला नव्हता. अडाणी हाताने पोट दाबले तर इजा होते, हेही पुन्हा खरेच.

खरा पुरावा त्याच्या वहीत निघाला. त्या मादीच्या नोंदींचे पान त्याने मोठ्या अभिमानाने दाखवले होते आणि त्याचा फोटोही काढू दिला होता. नंतर तारखा नीट लावून पाहिल्या तेव्हा तिच्या दोन विण्यांमधले अंतर एका महिन्याहूनही कमी निघाले. ज्या जनावराचे गाभणपणच महिनाभराचे असते, त्याच्या बाबतीत हे घडूच शकत नाही. वही दाखवली म्हणून समाधान मानू नये. भरवल्याची तारीख, विण्याची तारीख, जिवंत पिल्ले किती आणि आईपासून तोडेपर्यंत जगली किती, हे सगळे तिथेच बसून ताडून पाहावे.

तरुण जोडीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती सोपी आहे. दोन्ही माद्या होत्या. त्यातल्या एकीला दुसरीच्या अंगावर चढताना दाखवून ‘बघा, नर कामाला लागला’ असे सांगण्यात आले. माद्याही एकमेकींच्या अंगावर चढतात. वय चार महिने सांगितले होते. त्या वयाच्या नराची वृषणे दोन्ही बाजूंना लांबट, विरळ केसांच्या पिशव्यांमध्ये दिसायला हवीत. ती दिसत नव्हती, तर म्हणे घाबरला की आत ओढून घेतो. नर तसे करतो खरा, पण म्हणून खात्री करून घेता येत नाही असे नाही: सशाला उताणे धरून जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंनी हलका दाब दिला की नराचा भाग गोल नळीसारखा पुढे येतो, मादीचा लांबट चिरेसारखा दिसतो. पशुवैद्यांना हे सांगायला क्षणभरही लागला नाही. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लांमध्ये मात्र जाणकारही चुकतात, त्यामुळे इतक्या लहान पिल्लांची ‘खात्रीची जोडी’ कोणी देऊ करत असेल तर त्या खात्रीला अर्थ नाही.

सर्वांत जास्त राग मला येतो तो पुढच्या गोष्टीचा, कारण तिथे मुक्या जनावराचे हाल झाले. मोठ्या मादीच्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूची लव आखूड होती. जवळून पाहिल्यावर कडा सरळ दिसल्या, म्हणजे ती कात्रीने कापलेली होती. सशाचे नाक वाहू लागले की तो पुढच्या पायांनी ते पुसतो आणि तिथली लव चिकट होऊन गुंतते. ती खूण नाहीशी करण्यासाठीच कात्री चालवली होती. शिंका येत होत्या, त्याला ‘गवताची धूळ’ असे कारण दिले गेले. काही दिवसांतच दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पांढरा स्राव येऊ लागला आणि तपासणीत पाश्चुरेला या जिवाणूचा संसर्ग निघाला. औषधाने त्रास आटोक्यात राहतो, पण जिवाणू बहुधा शरीरात टिकून राहतो आणि दुसऱ्या सशांना लागतो. नखेही नुकतीच कापलेली होती. लांब, जाड नखांवरून वय जास्त असल्याचा संशय येतो, म्हणून. मागच्या टाचांवरचे केस जाऊन घट्टे पडलेले होते, ते मात्र लपवता आले नव्हते. प्रौढ सशाचे वय नुसते पाहून नेमके सांगता येत नाही, तरी ही मादी एका वर्षाची नक्कीच नाही, असे पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले.

घरातले आधीचे ससे वाचले ते नवे ससे वेगळ्या खोलीत ठेवल्यामुळे. त्यांची भांडी वेगळी होती आणि चारा-पाणी जुन्यांना आधी, नव्यांना नंतर असा क्रम होता. किमान महिनाभर असे ठेवणे हा उपद्व्याप वाटतो, पण विकत घेतलेला ससा कितीही टवटवीत दिसला तरी तो टाळू नये.

विक्रेत्याने ‘जिवंत जनावर परत घेत नाही’ असे सांगून हात झटकले. लिंग, वय, गाभण असल्याचा दावा आणि पशुवैद्यांकडून तपासून घेण्याची मुदत या चार गोष्टी कागदावर लिहून सही मागितली की असा विक्रेता तिथल्या तिथे टाळाटाळ करू लागतो. त्याच दिवशी मागे फिरावे. दिवसाच्या उजेडात नाक, पुढच्या पायांची आतली बाजू, कानांतली तपकिरी खपली, पुढच्या दातांची जुळणी आणि शेपटीखालचा भाग स्वतः पाहू द्या म्हणावे. दात न जुळणे बहुतेकदा आनुवंशिक असते आणि असा ससा पैदाशीला घेऊच नये.

आजारी मादीला आम्ही पैदाशीतून कायमचे बाजूला ठेवले आहे आणि तिचे उपचार चालू आहेत. तो विक्रेता अजूनही ‘गाभण मादी, सोबत खात्रीची जोडी’ अशीच जाहिरात करतो आणि वहीच्या त्याच पानाचा फोटो नव्या गिऱ्हाइकांना पाठवतो.