फ्लिपरची कॉइल ‘म्हातारी’ होत नाही! माझे १६,५०० गेले, तुमचे वाचवा

मेकॅनिकच्या भेटीचे १,५००, दोन ‘नव्या’ कॉइलचे (करंट मिळाला की फ्लिपर ओढणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं) ८,४००, इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्तीचे ६,६००. एकूण १६,५००. आणि माझ्या पिनबॉल मशीनचे फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की चेंडू टोलवणारे हात, होते तसेच लुळे. चेंडू अर्धा रॅम्प चढायचा आणि मागे घरंगळायचा.

मशीन १९८०च्या दशकातलं. मेकॅनिकने चार वेळा बटण दाबलं आणि म्हणाला, “कॉइल म्हाताऱ्या झाल्यात, साहेब.” तिथेच त्याला दार दाखवायला हवं होतं. तांब्याची तार वयाने थकत नाही. कॉइल तुटते किंवा आतून शॉर्ट होऊन जळते, तेव्हा वेष्टन काळं पडतं, वास सुटतो. तसं काहीच नव्हतं. मल्टिमीटर कपाटात होता, मी तो काढलासुद्धा नाही.

पण खरी चीड त्यानंतरच्या क्षणाची आहे. तो कॉइल बसवत होता, टॉर्च मी धरला होता. कॉइलवरचा कागद कोरा करकरीत, नंबर ठळक. आणि टोकांवर? जुन्या सोल्डरचे काळपट गोळे, एकावर तुटक्या तारेचा तुकडा तसाच चिकटलेला. नव्या कॉइलची टोकं अशी नसतात. मला ते दिसलं, आणि मी गप्प राहिलो. जुन्या कॉइल मागितल्या तर म्हणे, “टाकून दिल्या.” कसल्या टाकल्या! कागद बदलून त्याच परत बसवल्या होत्या. काढलेला भाग हातात पडेपर्यंत एक पैसा देऊ नका.

मी अगदीच अडाणी नाही. पण फ्लिपरला पन्नासच्या आसपास व्होल्ट असतात, तिथे हात घालायची भीती वाटली म्हणूनच माणूस बोलावला. त्यात त्याने स्लीव्हमध्ये (कॉइलच्या आतली, दांडा सरकतो ती नळी) तेल मारलं आणि दोन दिवस फ्लिपर बरे चालले. कोणाचाही विश्वास बसला असता. स्लीव्हमध्ये तेल कधीच घालायचं नसतं. धूळ धरून ते चिकट होतं. तेलाची बाटली दिसली की काम थांबवा.

पोलीस ठाण्यात मलाच विचारलं, “खेळण्याची तक्रार?” मग म्हणाले, हा दिवाणी मामला, ग्राहक मंचाकडे जा. तिथे पावती मागितली. पावती त्याने दिलीच नव्हती, हीच तर तक्रार आहे! बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. ऑनलाइन अर्जाला तक्रार क्रमांक मिळाला, तीन आठवड्यांनी ‘निकाली’ असा शेरा. कोणी काढली निकाली? एक फोन नाही, एक प्रश्न नाही. कॉइलचे फोटो जोडले होते, ते कोणी उघडले तरी का? फसवणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, कागद मात्र फसलेल्याकडेच मागतात.

दुखणं शेवटी मलाच सापडलं: एंड-ऑफ-स्ट्रोक स्विच, म्हणजे फ्लिपर वर पोचला की दाबला जाणारा छोटा स्विच. फ्लिपर खाली असताना तो घट्ट मिटलेला हवा, तरच कॉइलच्या ताकदीच्या वेढ्यातून पूर्ण करंट जातो. फ्लिपर पूर्ण वर गेला की तो उघडतो आणि फक्त धरून ठेवणारा वेढा चालू राहतो. माझ्या स्विचचे संपर्क जळून खड्डे पडले होते, बटणामागच्या पट्ट्यांचेही तेच. मशीन बंद करून, प्लग काढून बारीक कानस फिरवली, पट्टी नीट वाकवली, स्लीव्ह बदलली. (१९९०च्या दशकातल्या, बोर्डावरून चालणाऱ्या फ्लिपरचे संपर्क सोन्याचा मुलामा दिलेले असतात, त्यांना कानस लावू नका.) पंचवीस मिनिटांचं काम. ‘दुरुस्त’ केलेल्या बोर्डाचा एक स्क्रूही हललेला नव्हता, स्क्रूंवरची धूळ तशीच होती.

चेंडू आता रॅम्प चढतो. तो माणूस फोन उचलत नाही.