रस्त्याकडेचे फलक वाचायला शिकवणारं संकेतस्थळ : 'हिस्टॉरिकल मार्कर डेटाबेस'

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात कुठल्याही जुन्या हायवेला लागलं की कडेला खांबांवरच्या रुपेरी पाट्या दिसायला लागतात. काळी, उठावाची अक्षरं, माथ्यावर राज्याची मुद्रा आणि खाली चार-सहा ओळींत एखादी लढाई, चर्च किंवा शाळा. गाडी वेगात असते, त्यामुळे जेमतेम मथळा वाचून होतो आणि थांबायला बहुतेक ठिकाणी जागाच नसते. शेजारी बसलेल्याने पुढचा मजकूर वाचून दाखवावा, एवढ्यासाठीच मी हे संकेतस्थळ उघडायला लागले. आता त्याचा उपयोग मला त्याहून बराच मोठा वाटतो.

जे. जे. प्रॅट्स यांनी २००६ मध्ये ते सुरू केलं. फलक शोधणं, फोटो काढणं, मजकूर टंकून घालणं ही सगळी कामं हौशी माणसं करतात. आज त्यावर दोन लाखांहून जास्त नोंदी आहेत आणि वाचायला पैसे पडत नाहीत. प्रत्येक नोंदीत फलकावरचा मजकूर जसाच्या तसा, फोटो, अक्षांश-रेखांश आणि आसपासच्या इतर फलकांची यादी असते. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती माहिती म्हणजे फलक कुणी लावला आणि कोणत्या साली.

व्हर्जिनियाने हे फलक लावायला सुरुवात केली १९२७ मध्ये, रूट १ या महामार्गावर. मोटारी नुकत्याच घरोघरी पोचत होत्या आणि मोटारीतल्या पाहुण्यांना राज्याचा इतिहास दिसावा असा हेतू होता. त्या काळच्या पाट्या म्हणजे बहुतेक १८६१-६५ चं अमेरिकी यादवी युद्ध : कोणता सेनापती इथून गेला, कुठे तळ पडला. गुलामगिरीत राबलेली माणसं त्यांत फारशी सापडत नाहीत. ती सापडतात अलीकडच्या पाट्यांवर. साल पाहून वाचलं की कुठल्या पिढीला काय सांगावंसं वाटलं आणि काय वगळावंसं वाटलं, हे आपोआप कळतं.

फार्मव्हिल हे गाव त्यासाठी मुद्दाम पाहावं. एप्रिल १८६५ मध्ये माघार घेणाऱ्या दक्षिणेच्या जनरल लीचं सैन्य इथून गेलं आणि शरण या म्हणून उत्तरेचा सेनापती ग्रँटने लीला पहिलं पत्र धाडलं तेही इथूनच. त्याच गावात रॉबर्ट रूसा मोटन हायस्कूलची जुनी इमारत आहे. कृष्णवर्णीय मुलांची ही शाळा साधारण १८० जणांसाठी बांधलेली होती, पण पटावर साडेचारशेच्या वर मुलं. जास्तीच्या मुलांना डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत बसवत. २३ एप्रिल १९५१ ला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने संप पुकारला. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे १९५४ च्या 'ब्राउन' निकालात सामील झाला, म्हणजे सरकारी शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात. आप्पा इकडे आले होते तेव्हा त्यांना मी तिथे नेलं. आयुष्यभर मास्तरकी केलेला माणूस. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एकत्र बसवावं लागू नये म्हणून काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, १९५९ ते १९६४ सरकारी शाळाच बंद ठेवल्या, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "पाच वर्षं? अगं, म्हणजे पहिलीत जायचं पोर थेट सहावीच्या वयाचं झालं की!" नंतर 'जवळचे फलक' ही यादी उघडून आम्ही गावभर पायी हिंडलो, पाटीवरून पाटीकडे. आप्पा प्रत्येक पाटी आता तळापासून वाचायला लागले होते, आधी साल, मग मजकूर.

फलक हलवला, हरवला किंवा नवा आला तर तेही नोंदवायची इथे सोय आहे. हे किती गरजेचं आहे ते मिसिसिपी राज्यात दिसतं. १९५५ मध्ये चौदा वर्षांच्या एमेट टिल या कृष्णवर्णीय मुलाचा वर्णद्वेषातून खून झाला. टॅलाहॅची नदीकाठी ग्रेबॉल लँडिंगला त्याच्या स्मरणार्थ २००८ मध्ये लावलेली पाटी चोरीला गेली. तिच्या जागी आलेल्या पाट्यांची गोळ्यांनी चाळण केली गेली. शेवटी २०१९ मध्ये पाचशे पौंडांहून जड, गोळी न शिरणारा फलक बसवावा लागला. जागेवर आज उभं राहिलं तर फक्त हा शेवटचा फलक दिसतो. आधीच्या पाट्यांचं काय झालं ते कुणीतरी लिहून ठेवलं तरच पुढच्यांना कळणार.

उणिवाही सांगायला हव्यात. नोंदी हौशी लोकांच्या असल्याने जिथे असे लोक जास्त तिथे माहिती दाट. अमेरिकेबाहेर तर फारच विरळ. शोधायचं पान जुन्या वळणाचं आहे, नवख्याला चाचपडायला होतं. नोंद करणाऱ्याची टिप्पणी आणि फलकाचा मूळ मजकूर वेगवेगळे दिलेले असतात, पण घाईत वाचणारा दोन्हीची गल्लत करू शकतो. आणि एखादी तारीख कुठे वापरायची असेल तर फलकाच्या फोटोवरून ताडून घ्या, टंकलेल्या मजकुरावर विसंबू नका.

घरून निघण्याआधी वाटेतल्या गावांच्या नोंदी वाचून घ्या, दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क जातं. आणि चालवणाऱ्याने फोनला हात लावू नये, वाचायचं काम शेजारच्याचं.