जाड पडदा की फ्रॉस्टेड फिल्म? सैनिकाच्या घरातली खिडकी

फील्डवरून, म्हणजे तैनातीवरून, परतलेला सैनिक पुष्कळदा घरात शिरताच पडदे ओढून घेतो. बाहेरून आपण कुणाला तरी दिसतोय, ही जाणीव त्याला स्वस्थ बसू देत नाही. त्यामुळे उजेड पूर्ण अडवणारा जाड ब्लॅकआउट पडदा घ्यायचा की काचेच्या खालच्या भागाला फ्रॉस्टेड फिल्म (काच धुरकट करणारा चिकटपट) लावायची, हे ठरवताना उजेडाइतकाच आडोसाही बघावा लागतो.

रात्रपाळी करून सकाळी झोपायचं असेल, तर पडद्याला तोड नाही. दांडी मात्र चौकटीच्या दोन्ही बाजूंना १५-२० सेंमी पुढे न्या. नाहीतर फटीतली तिरीप नेमकी डोळ्यांवर येते.

पण पडद्याची एक खोड आहे आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते. आडोशासाठी ओढलेला पडदा दिवसभर उघडला जात नाही. सकाळचे दहा वाजले तरी खोलीत दिवाच. घरातल्या दिव्याचा उजेड साधारण १०० ते ३०० लक्स (उजेड मोजायचं एकक). उघड्या खिडकीशी तो सहज हजारावर जातो. शरीराचं घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडं लांब चालतं आणि सकाळच्या उजेडाने रोज जागेवर येतं. तो उजेड बुडाला की झोप उशिरावर सरकत जाते. रात्री दचकून जागा होणाऱ्याची झोप आधीच तुटपुंजी. त्यात चिडचिड आणि उदासी वाढते.

फिल्म फक्त नजर अडवते. उभं राहिल्यावर डोळ्यांच्या रेषेपेक्षा चार बोटं वरपर्यंत ती लावा, वरची काच मोकळी सोडा. खोलीत आतवर उजेड पोचतो तो तिथूनच. काच धुऊन साबणपाणी फवारा, रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा आणि कडेला २ मिमी जागा सोडा. फिल्म चौकटीला टेकली की कोपरे उचलतात. आरशासारखी फिल्म टाळा: रात्री दिवा लागला की बाहेरून आतलं सगळं दिसतं. फ्रॉस्टेडमधूनही तेव्हा सावल्या दिसतात, म्हणून रात्रीपुरता पडदा हवाच.

काहींना बाहेर नजर ठेवता आली नाही तर जास्त त्रास होतो. त्यांच्यासाठी एका कडेला बोटभर काच मोकळी ठेवावी.

दुःस्वप्नं किंवा टोकाचे विचार येत असतील तर डॉक्टर आधी, खिडकी नंतर. एरवी बैठकीच्या खोलीत मी फिल्मच सुचवेन, आणि खुर्ची त्या खिडकीपासून हातभर अंतरावर.