टीएलडी: एका गोळीत तीन औषधं, आणि सेव-उसळीनंतरचं अँटासिड

बडोद्यात सरकारी एआरटी (एचआयव्हीवरच्या उपचारांच्या) केंद्रातून एचआयव्हीसाठी बहुतेक मोठ्या माणसांना आता हीच गोळी मिळते, तीही फुकट. टेनोफोविर डीएफ ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅम. रोज एक, जेवणाआधी किंवा नंतर, पण ठरलेल्या वेळी. पाचपैकी साडेचार गुण.

आधीच्या गोळीत डोल्युटेग्राविरच्या जागी इफाविरेन्झ होतं. झोपताना घेतलं तरी सकाळी गरगरायचं, रात्री भलतीसलती स्वप्नं पडायची. शिवाय विषाणूत के१०३एन हा एकच बदल झाला की ते निकामी. डोल्युटेग्राविरला असा सहज गुंगारा देता येत नाही. काहींची झोप मात्र यानेही उडते. त्यांनी गोळी सकाळी घ्यावी. वजनही वाढतं, काहींचं बरंच.

टेनोफोविरचा मूळ रेणू प्रागच्या आंतोनिन होली यांचा. विषाणूंवर तो तपासला बेल्जियमच्या एरिक दे क्लर्क यांनी. काम फक्कड करायचा, पण तोंडावाटे दिला की शोषलाच जाईना, कारण त्याच्यावरचा विद्युतभार आतड्याचं अस्तर ओलांडू देत नव्हता. म्हणून त्याला डिसोप्रॉक्सिलचं पांघरूण घातलं. शरीरात गेल्यावर ते गळून पडतं. अमेरिकेत मान्यता २००१ साली मिळाली. एखाद्या बाटलीवर ३०० ऐवजी २४५ दिसलं तर घाबरू नका. मात्रा तीच, एकात क्षारासकट वजन मोजलंय, दुसऱ्यात क्षार वगळून.

या पांघरुणाला दमट हवा सोसत नाही. बाटलीतली ओल शोषणारी पुडी त्यासाठीच असते. १९०७ पासून अलेंबिक ही औषध कंपनी असलेल्या या शहरात औषधाची बाटली कुणाला नवी नाही, तरी झाकण उघडताच पुडी कचऱ्यात जाते. ती आतच राहू द्या, झाकण घट्ट लावा. महिन्याभराच्या गोळ्या प्लॅस्टिकच्या डबीत काढून ठेवू नका, आणि मे महिन्यात बाटली स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नको.

आता अर्धा गुण कुठे गेला ते. डोल्युटेग्राविर विषाणूच्या इंटिग्रेज या एन्झाइममधल्या मॅग्नेशियमला घट्ट धरतं आणि त्याचं काम बंद पाडतं. हीच पकड पोटात आडवी येते. संध्याकाळी झणझणीत तर्रीची सेव-उसळ झाली, छातीत जळजळ सुरू झाली, म्हणून गुलाबी अँटासिडचे दोन चमचे घेतले, की त्यातल्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमला औषध पोटातच चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. नियम सोपा: गोळी अशा अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलची अडचण नाही. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर. मात्र त्या आणि ही गोळी जेवणासोबत एकदम घेतली तर चालतं. दुकानात अँटासिड मागताना हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, म्हणून आपणच सांगावं.

दुसरा घोळ क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून बाहेर टाकतं त्या टाकाऊ पदार्थाचा. गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात त्याचा रक्तातला आकडा साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने चढतो. मूत्रपिंडातून क्रिएटिनिन बाहेर टाकणारी एक वाट डोल्युटेग्राविर अडवतं, एवढंच. गाळणी शाबूत असते. पण त्याच गोळीतलं टेनोफोविर मूत्रपिंडाच्या नलिकांना खरोखर इजा करू शकतं. आकडा एक, कारणं दोन! ओळखायचं असं: थोडा चढून थांबला तर बहुधा पहिलं कारण. चढतच राहिला, लघवीत प्रथिनं आली, रक्तातली साखर ठीक असूनही लघवीत साखर दिसली किंवा रक्तातलं फॉस्फेट घसरलं, तर दुसरं. म्हणून गोळी सुरू करण्याआधीचा क्रिएटिनिनचा कागद जपून ठेवा. तो नसेल तर नंतरच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड किती गाळतं त्याचं माप) मिनिटाला ५० मिलिलिटरच्या खाली असेल तर ही गोळी सहसा देत नाहीत.

मधुमेहींसाठी: मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा नको, कारण ते रक्तात साठतं. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डोल्युटेग्राविर लवकर संपतं. तेव्हा बारा तासांनी ५० ची वेगळी गोळी जोडतात. ती डॉक्टरांनी लिहिली नसेल तर विचारा. आणि हिपॅटायटिस बी असेल तर ही गोळी मनाने थांबवणं धोक्याचं. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन तो विषाणूही दाबून ठेवतात. औषध बंद झालं की तो यकृतावर एकदम उलटू शकतो.

गोळीचा खरा निकाल सहा महिन्यांनी व्हायरल लोडमध्ये, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीत कळतो; सीडी४ या प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा सावकाश वाढतो. बाटलीत गोळ्या ३० असतात, त्यामुळे ३१ दिवसांच्या महिन्यात एक दिवस कोरडा जातो. पुढची बाटली आणायची तारीख कॅलेंडर बघून नव्हे, उरलेल्या गोळ्या मोजून ठरवा.